जुन्या वॉकथ्रूला नवी थीम देताना: पार्कचालकांसाठी माहितीपत्रक

भूतबंगला, गुहा, झाडावरचं घर, किल्ल्यातलं भुयार, आरसेमहाल. पार्कमध्ये माणूस स्वतःच्या पायांनी फिरून जे बघतो, त्या सगळ्याला आमच्या धंद्यात वॉकथ्रू म्हणतात. अशी वास्तू जुनी झाली की मालकांचा पहिला फोन साधारण असा असतो: "सांगाडा भक्कम आहे, थीम तेवढी बदलून द्या." या कामात काय काय येतं आणि आम्ही कशाला हो म्हणतो, कशाला नाही, हे कोटेशन मागवण्याआधीच तुम्हाला कळावं म्हणून हे पत्रक.

आधी वाट, मग गोष्ट

राइडमध्ये गाडी ठरवते की माणसाने कुठे बघायचं आणि किती वेळ. वॉकथ्रूमध्ये ते तो स्वतः ठरवतो. तो थांबतो, मागे वळतो, फोटो काढतो, भिंतीला हात लावून बघतो, आणि एखादं पोर घाबरून मधेच बसकण मारतं. सेट अगदी हाताच्या अंतरावरून बघितला जातो, त्यामुळे लांबून खपणारी सफाई इथे खपत नाही. गोष्ट कुठली चालेल हे वळणं, अरुंद जागा, छताची उंची आणि पायऱ्या ठरवतात. बुटक्या छताच्या लांबलचक बोळात पाणबुडी किंवा खाण सहज बसते. तिथे राजदरबार बसवायला गेलात तर पैसे जातात आणि दरबार काही वाटत नाही. तीन जिने असलेल्या वास्तूला वर चढत जाणारीच गोष्ट हवी. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही थीमवर बोलत नाही. कामाचे दिवे लावून एकदा आणि शोचे दिवे लावून एकदा, असं दोनदा टेप घेऊन फिरतो.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दारापाशी घालवतो. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला पहिली काही पावलं जवळजवळ काही दिसत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. माणूस दारातच थबकतो, मागचा त्याच्यावर आदळतो आणि रांग तिथेच तुंबते. त्यामुळे पहिली खोली आम्ही मुद्दाम अर्ध्या उजेडाची ठेवतो. दोन वळणं घेऊन बाहेरचा उजेड अडवतो आणि गोष्टीची ओळख तिथेच करून देतो. दचकवायचा पहिला प्रसंग त्याच्यापुढे. दारातच किंकाळी हवी असा आग्रह आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. आमचं उत्तर ठरलेलं आहे.

तासाला किती माणसं

समजा, सध्या तुम्ही दर ४० सेकंदांनी आठ जणांचा ग्रुप सोडता. तासाला ९० ग्रुप, म्हणजे ७२० माणसं. नव्या थीममध्ये मधल्या खोलीत दार बंद करून ६० सेकंदांचा खास शो घातला, तर तासाला फक्त ६० ग्रुप जातात, म्हणजे ४८० माणसं. थीम झकास झाली, पण एक तृतीयांश क्षमता गेली, आणि गर्दीच्या दिवशी ती रांगेत उभी असलेली दिसते. दार उघडायचा, बंद व्हायचा आणि खोली रिकामी व्हायचा वेळ तर या हिशोबात धरलेलाच नाही.

यावर उपाय आहेत. शो असा लिहायचा की त्याचे कुठलेही पंधरा सेकंद बघितले तरी काहीतरी पदरात पडावं, मग कुणाला अडवायची गरजच उरत नाही. किंवा सारख्या दोन खोल्या करून ग्रुप आलटून-पालटून सोडायचे. पहिला उपाय स्वस्त आणि जागा असेल तर दुसरा दिमाखदार. कुणालाच न अडवणारा वॉकथ्रू आमच्या मते बहुतेक पार्कांना जास्त सोयीचा पडतो. क्षमतेची ही अडचण मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधलं 'हाँटेड मॅन्शन' सुरुवातीला चालत बघायची वास्तू म्हणूनच आखलं होतं. १९६९ मध्ये ते उघडलं तेव्हा आत एकामागून एक न थांबता सरकणाऱ्या गाड्यांची साखळी होती.

काय ठेवायचं

जुन्या वास्तूतलं सगळंच जुनं नसतं. काही गोष्टी लोकांच्या आठवणीत मुरलेल्या असतात, आणि त्या कुठल्या हे मालकापेक्षा तिकीट तपासणाऱ्याला जास्त नेमकं माहीत असतं.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या केनीवुड पार्कात १९३६ पासून 'नोहाची नौका' नावाचा वॉकथ्रू आहे. १९६९ मध्ये तिच्या दाराशी देवमाशाचा जबडा आला. त्याच्या मऊ, दबणाऱ्या जिभेवरून चालत आत जायचं. १९९६ च्या नूतनीकरणात तो जबडा काढला. लोक त्याची आठवण काढत राहिले आणि २०१६ मध्ये देवमासा परत आणावा लागला. म्हणजे एक जीभ काढल्याची भरपाई वीस वर्षांनी झाली. जुनं पाडायची यादी करायच्या आधी आम्ही तुमच्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलतो, ते यासाठीच.

डिस्नेलँडमधल्या झाडावरच्या घराची गोष्ट याहून शिकवणारी आहे. १९६२ मध्ये ते 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' या चित्रपटावरून बांधलं गेलं. १९९९ मध्ये त्याच झाडाचं टारझनचं घर झालं आणि चढायला नवा झुलता पूल आला. तरी खाली एका जुन्या ग्रामोफोनवर पहिल्या घरातली पोल्का नाचाची धून वाजत ठेवली होती. ज्यांना ओळखू आली ते खूश, बाकीच्यांना ती नुसती धून. २०२१ मध्ये घर बंद झालं आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडलं. या वेळी आत नवं कुटुंब होतं: आईची संगीताची खोली, मुलीची तारे बघायची माडी, खाली वडिलांचा चित्रकलेचा स्टुडिओ. पाणी वर नेणारं जुनं चाकही परत आलं. तीन गोष्टी झाल्या, झाड एकच. चांगला सांगाडा असा अनेक थीम पचवतो. अट इतकीच की प्रत्येक वेळी तो गोष्टीच्या उपयोगी पडला पाहिजे.

तुमच्याकडे काचेतून दिसणारं भूत असेल तर ते मोडू नका, अशी आमची विनंती आहे. तिरप्या काचेत लपलेल्या वस्तूचं प्रतिबिंब दाखवायची ही युक्ती जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये लोकांपुढे आणली, आणि ती आजही स्क्रीनपेक्षा खरी वाटते. काच ठेवायची आणि मागची वस्तू किंवा व्हिडिओ तेवढा बदलायचा. कठड्याचं अंतर मात्र नीट मोजावं लागतं. माणूस वाकून बाजूने डोकावू शकला की भुताचं बिंग फुटतं.

आग: इथे तडजोड नाही

११ मे १९८४ ला न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कात 'हाँटेड कासल' नावाचा वॉकथ्रू जळाला आणि आठ किशोरवयीन मुलं-मुली गेली. वास्तू ट्रेलर एकमेकांना जोडून उभी केलेली होती. आत प्लायचे आडोसे होते, भिंतीवर फोम होता. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारे नळ नव्हते, धुराचे डिटेक्टर नव्हते. तात्पुरती बांधणी म्हणून तिची नोंद होती. अंधार, वळणं आणि वाट चुकवायची हौस या वॉकथ्रूच्या गमतीच आगीत जीव घेतात. त्यानंतर अमेरिकेत अशा वास्तूंसाठी वेगळे नियम आले: स्प्रिंकलर हवेत, डिटेक्टर हवेत, आणि अलार्म झाला की बाहेरच्या वाटेवरचे दिवे आपोआप लागून गोंधळात टाकणारे आवाज बंद व्हायला हवेत. तुमच्याकडचा कायदा काहीही म्हणो, आम्ही याच्या खाली उतरत नाही.

जुन्या वास्तूत धोका बहुधा रंगाच्या आड असतो. वरून दगडासारखी दिसणारी भिंत ठोकून बघितली तर आत थर्माकोल निघतो, त्यावर दर सीझनला मारलेले ऑइल पेंटचे थर. कापडाला एकेकाळी आगरोधक द्रव मारलेला असतो, पण बहुतेक असे द्रव धुलाईत निघून जातात. म्हणून जुन्या भिंतीवर सरळ नवं काम चढवत नाही. आधी जागोजागी तुकडा कापून बघतो.

दुसरी हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे धुराच्या डिटेक्टरवर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. खोटं धुकं सोडणारं फॉग मशीन सुरू झालं की डिटेक्टर वाजतो, ऑपरेटर वैतागतो आणि पिशवी बांधतो. दोष त्याचा नाही, आखणीचा आहे. फॉग किती, कुठल्या खोलीत, तिथे डिटेक्टर कुठल्या जातीचा, हे अग्निसुरक्षा सल्लागाराबरोबर बसून आधी ठरतं, आणि मग सेटचं चित्र काढलं जातं. फॉगशिवाय काम भागत असेल तर आम्ही भागवतो.

रंग, दिवे आणि लोकांचे हात

जुने सेट पिवळ्या बल्बच्या उजेडात रंगवलेले असतात. मधल्या काळात कुणीतरी वीज वाचवायला पांढरे एलईडी लावलेले असतात आणि गुहा हिरवट, मेलेली दिसायला लागते. अशा वेळी सेट पुन्हा रंगवायच्या आधी दिवा बदलून बघावा. निम्मं काम तिथेच होतं. चमकणाऱ्या रंगांचंही असंच आहे. काळ्या काचेच्या जुन्या यूव्ही (अतिनील) ट्यूब सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीला जळतात, स्वस्त यूव्ही एलईडी ३९५ च्या आसपास. दुसऱ्यात जांभळा उजेड दिसतो आणि काही रंग मलूल पडतात. त्यात हे रंग यूव्हीखाली विटत जातात ते वेगळंच. आम्ही रंगाचे नमुने कार्यशाळेत मंजूर करून घेत नाही; ज्या खोलीत, ज्या दिव्याखाली दिसणार, तिथेच दाखवतो.

गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा लोकांच्या हातांचा आहे, हे धरूनच चाला. तिथे एफआरपी (फायबरग्लास) किंवा सिमेंटचं कोरीव काम, आणि रंग भिंतीच्या अंगचा, म्हणजे खरचटलं तरी आतून पांढरं दिसत नाही. हलकं, नाजूक, महागडं काम त्याच्या वर. पण लहान मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण मीटरभरावर असतात, म्हणून आम्ही प्रत्येक सीन एकदा उकिडवे बसून तपासतो. उभ्याने बघताना झाकलेली वायर तिथून हमखास दिसते.

ज्यांना चढता येत नाही त्यांचं काय

डिस्नेलँडच्या किल्ल्यातला निद्रिस्त राजकन्येचा वॉकथ्रू १९५७ चा. तो २००१ मध्ये बंद झाला आणि २००८ मध्ये उघडला, तेव्हा अरुंद जिने तसेच ठेवून खालच्या मजल्यावर एक खोली दिली, जिथे सगळे प्रसंग पडद्यावर बघता येतात. जुन्या वास्तूत लिफ्ट बसत नसेल तर हा किमान पर्याय आहे. सपाट वास्तूत मात्र सबब चालत नाही: वाट किमान ९० सेंटिमीटर मोकळी आणि उतार बाराला एक (बारा फुटांत एक फूट चढ) याहून चढा नको.

आम्हाला बोलावण्याआधी

शक्य झाल्यास इमारतीचे मूळ नकाशे, विजेच्या पॅनलचा फोटो, अग्निशमन दाखल्याची प्रत आणि गर्दीच्या एका दिवसाचा तासागणिक आकडा काढून ठेवा. दुरुस्तीचं रजिस्टर असेल तर ते आधी द्या. दरवर्षी कुठली गोष्ट मोडते हे त्यातून कळतं. भेट पार्क बंद असताना एकदा आणि गर्दी असताना एकदा ठेवावी लागते, दोन्ही वेळी तुमचा एक ऑपरेटर बरोबर हवा. ठरावीक सणापुरती किंवा सुट्टीपुरती सजावट हवी असेल तर तसं सुरुवातीलाच सांगा. ते काम वेगळं असतं: सगळं बोल्टवर बसवायचं, मूळ भिंतीला एकही खिळा लावायचा नाही, आणि सुटे भाग कोरड्या जागी ठेवायची सोय तुमच्याकडे हवी. नकाशे नसतील तर मोजमापं आम्ही घेतो, आणि काम आम्हाला दिलं नाही तरी तो आराखडा तुमच्याकडेच राहतो.