झाडाशेजारचा दगड

बोन्साय प्रदर्शनांत एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. लोक झाडापाशी थांबतात, त्याचं वय विचारतात, बुंध्याजवळ मोबाइल नेऊन फोटो काढतात. एखाद्या चोखंदळ मांडणीत झाडापासून हातभर अंतरावर, कोरीव लाकडी बैठकीवर एक काळा दगडही ठेवलेला असतो. त्याच्यापुढे क्वचितच कुणी थांबतं. सजावटीला ठेवला असेल असं समजून माणसं पुढच्या झाडाकडे वळतात. त्या दगडाला जपानीत सुइसेकी म्हणतात. त्याची परंपरा शेजारच्या झाडाइतकीच जुनी आहे, आणि कित्येक शतकं या दोन परंपरा वेगळ्या नव्हत्याच.

हे नातं नावांतही दिसतं. ‘बोन्साय’मधला ‘बोन’ म्हणजे पसरट थाळी आणि ‘साय’ म्हणजे लावलेलं रोप. ‘सुइसेकी’त ‘सुइ’ म्हणजे पाणी, ‘सेकी’ म्हणजे दगड. सुइसेकी हा शब्द आजच्या अर्थाने रुळला तो मेइजी काळापासून, म्हणजे १८६८ नंतर. त्याआधी अशा दगडाला ‘बोनसेकी’ म्हणत, म्हणजे थाळीतला दगड. किंवा ‘बोनसान’, म्हणजे थाळीतला डोंगर. झाडाच्या आणि दगडाच्या नावात थाळी एकच होती.

ती थाळी आली चीनमधून. शान्शी प्रांतात शिआन शहराजवळ थांग घराण्यातल्या चांगह्वाय या राजपुत्राची कबर आहे. इ.स. ७०६ मध्ये तिथे त्याचं दफन झालं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती उकरली तेव्हा आतल्या भिंतींवर रंगवलेले सेवक दिसले, आणि त्यांतल्या एकाच्या हातात पसरट भांडं होतं. भांड्यात लहान दगड आणि त्यांच्यामधून वर आलेली इवली झाडं. थाळीतल्या निसर्गाचं हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक मानलं जातं. त्यात झाड आणि दगड एकत्रच आहेत, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आधी झाड आलं आणि मागाहून कुणी दगड ठेवला, असं झालेलं नाही. चिनी लोक आजही या कलेला ‘पेनजिंग’ म्हणतात, थाळीतला देखावा. देखावा म्हटला की डोंगर आलाच.

पुढे सोंग घराण्याच्या काळात चिनी विद्वानांना दगडांचं अक्षरशः वेड लागलं. मी फू (१०५१–११०७) हा त्या काळातला नामवंत चित्रकार आणि सुलेखनकार. नव्या नेमणुकीवर रुजू होताना तिथला एक विलक्षण दगड पाहून त्याने सरकारी पोशाखातच त्याला वाकून नमस्कार केला आणि ‘थोरले बंधू’ अशी हाक मारली, ही गोष्ट चिनी चित्रकारांनी पुढे शेकडो वर्षं रंगवली. ज्यांच्या देवघरात गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण आहे, त्यांना दगडापुढे वाकणं नवं नाही. आपण मात्र त्यात देव पाहतो, आणि मी फूने पाहिला तो वडीलधारा माणूस. चांगल्या दगडाच्या चार कसोट्याही त्याच्याच नावावर सांगितल्या जातात: दगड सडपातळ हवा, त्याला सुरकुत्या हव्यात, त्यात पन्हळी हव्यात आणि आरपार भोकं हवीत. म्हणून थायहू सरोवरातले किंवा लिंगबीचे नावाजलेले चिनी दगड पाहिले, तर ते उभे, वळलेले, ढगासारखे पोखरलेले दिसतात.

या वेडाची किंमतही मोजावी लागली. सोंग सम्राट ह्वेइझोंग याने राजधानी कायफंगमध्ये एक अचाट बाग रचली. तिच्यासाठी दक्षिणेतून दगड आणि झाडं आणायला नौकांचे ताफे लावले. वाटेतल्या प्रजेवर त्याचा इतका भार पडला की १२व्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत झालेल्या बंडामागे हेही एक कारण होतं. ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांच्या सैन्याने कायफंग घेतलं. त्याआधीच्या वेढ्यात बागेतले दगड फोडून शत्रूवर फेकायला वापरले गेले आणि झाडं सरपणाला गेली.

जपानमधली सर्वांत जुनी नोंद मराठी वाचकाला जवळची वाटेल. ‘निहोन शोकी’ या जुन्या बखरीत इ.स. ६१२ च्या नोंदीत कोरियातल्या पेक्चे राज्यातून आलेल्या एका माणसाची हकिगत आहे. त्याच्या अंगावर पांढरे चट्टे होते म्हणून लोक त्याला एका बेटावर सोडून द्यायला निघाले. तो म्हणाला, मला डोंगर रचण्याची कला येते, मला ठेवून घेतलंत तर देशाच्या उपयोगी पडेन. मग सम्राज्ञी सुइकोच्या वाड्याच्या दक्षिण अंगणात त्याने ‘शुमिसेन’ रचला. शुमिसेन म्हणजे सुमेरू, आपल्या पुराणांतला मेरू पर्वत. बौद्ध धर्माबरोबर तो चीन आणि कोरियामार्गे तिथवर पोचला होता. बागेत दगडांचा डोंगर उभा करण्याची जपानमधली पहिली आठवण ही अशी आपल्याकडून गेलेल्या पर्वताची आहे.

थाळीतला डोंगर खऱ्या अर्थाने रुजला तो कामाकुरा काळात (११८५–१३३३), झेन या बौद्ध पंथाच्या मठांतून. १३०९ च्या ‘कासुगा गोंगेन’ चित्रगुंडाळीत एका घराच्या अंगणात भांड्यांमधली लहान झाडं आणि दगड रंगवलेले आहेत. त्याच सुमारास कोकान शिरेन (१२७८–१३४६) या झेन भिक्षूने थाळीतल्या दगडांवर एक छोटी रचना लिहिली. या विषयावरचं माझ्या सर्वांत आवडीचं लिखाण हेच आहे. तो लहानपणापासून दगड जमवायचा. दगड घासूनपुसून हिरवट चिनी मातीच्या थाळीत पांढऱ्या वाळूवर मांडायचा. एकदा पाहुणा आला. मांडणी पाहून त्याने कौतुक केलं, पण जरा उजाड वाटते म्हणाला. शिरेनने त्याला जे सांगितलं त्याचा आशय असा, की तुला दगडांचा ढीग दिसतोय, डोंगर दिसत नाहीयेत. सातशे वर्षं झाली, प्रदर्शनात दगडापुढून निघून जाणाऱ्या माणसाला सांगायला याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही.

शिरेनच्याच काळातला सम्राट गो-दाइगो (१२८८–१३३९) याचं राज्य गेलं आणि त्याला हद्दपार व्हावं लागलं. त्या भटकंतीत तो एक लांबट दगड जवळ बाळगून होता, असं परंपरा सांगते. बाहीत मावेल एवढा तो दगड. त्याचं नाव ‘युमे नो उकिहाशी’, म्हणजे स्वप्नातला तरंगता पूल. हे नाव ‘गेन्जी मोनोगातारी’ या जुन्या जपानी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाचं आहे. तो दगड आज नागोया इथल्या तोकुगावा कला संग्रहालयात आहे. इथे आवड बदललेली दिसते. आरपार भोकांचा, उभा, नजर खेचून घेणारा चिनी दगड मागे पडला आणि जपानी मन आडव्या, ठेंगण्या, फारसं न बोलणाऱ्या दगडाकडे वळलं.

झाडाच्या बाजूने तशीच एक कथा ‘हाची नो की’ या नाटकात आहे, ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या. हाची नो की म्हणजे कुंडीतलं झाड. हिमवादळाच्या रात्री एक दरिद्री सामुराई दारी आलेल्या भिक्षूला आसरा देतो. घरात सरपण नसतं. उरलीसुरली दौलत म्हणजे जपलेली तीन झाडं, प्लम, चेरी आणि पाइन. तो ती तोडून शेकोटी पेटवतो. भिक्षू असतो वेशांतर केलेला राज्यकर्ता होजो तोकियोरी, आणि पुढे तो त्याला त्या तीन झाडांच्या नावांची तीन गावं इनाम देतो. दोन्ही कथांत राजवैभव गेलेला किंवा जमीनजुमला गमावलेला माणूस आहे, आणि त्याच्यापाशी शेवटपर्यंत उरलेली वस्तू हातात मावणारी आहे.

एदो काळात (१६०३–१८६८) मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. शहरं वाढली, कुंडीतल्या रोपांचा बाजार फोफावला, विक्रेते कावडीतून रोपं दारोदार विकू लागले. झाड सामान्यांच्या घरात गेलं. तिसरा शोगुन (लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएमित्सु याचं पंचसूची पाइनचं बोन्साय आजही तोक्योच्या शाही राजवाड्यात जिवंत आहे. दगड मात्र मठांत, चहाच्या खोल्यांत आणि मोजक्या रसिकांकडे राहिला. त्यांना परत जवळ आणलं ‘सेन्चा’ पंथाने. हे लोक पानांचा चहा चिनी विद्वानांच्या धाटणीने पीत आणि त्या बैठकीत चित्र, दौत, झाड आणि दगड एकत्र मांडत. क्योतोचा इतिहासकार राइ सान्यो (१७८०–१८३२) या वर्तुळातला, आणि दगडांचा मोठा शौकीन.

आजची मांडणीची रीत याच परंपरेतून आलेली आहे. ‘तोकोनोमा’ म्हणजे बैठकीच्या खोलीतला थोडा उंच कोनाडा. तिथे एक झाड, एक दगड किंवा गवताचं छोटं भांडं, मागे एक चित्रगुंडाळी. पाइनचं झाड समोरच्या उतारावर उभं असलं, तर बाजूचा ‘तोयामा-इशी’, म्हणजे दूरच्या डोंगराचा दगड, पलीकडचं क्षितिज होतो. दोघांनी एकमेकांशी चढाओढ करायची नाही, हा मूळ नेम. झाड भारदस्त तर दगड शांत आणि लहान. दगडांचे प्रकारही देखाव्यावरूनच पडतात: धबधब्याचा, बेटाचा, झोपडीचा, पाणी साठवणारा. ‘दान-इशी’ नावाचा पायऱ्यापायऱ्यांचा दगड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो थेट सह्याद्रीचा कडा वाटला. क्योतोची कामो नदी, वाकायामा भागातला फुरुया, होक्काइदोचा कामुइकोतान ही या दगडांची मानाची माहेरघरं.

या दोन्ही कलांना जोडणारा एक शब्द आहे, ‘मोचिकोमी’. झाड वर्षानुवर्षं कुंडीत राहून, हाताळलं जाऊन जे मुरलेपण मिळवतं, ते मोचिकोमी. गंमत म्हणजे हाच शब्द दगडालाही लावतात. नदीतून आणलेला दगड लगेच मांडत नाहीत. बोन्सायच्या बाकांशेजारी उघड्यावर ठेवतात, ऊनपाऊस खाऊ देतात, झाडांना पाणी घालताना त्यालाही घालतात. टोचरा नवेपणा जाऊन रंग खोल व्हायला कित्येक वर्षं लागतात. झाडाला आपण छाटतो, तार बांधतो, मुळं कापतो. दगडाला घडवायचं नसतं, शोधायचं असतं. (बैठकीसाठी तळ कापलेले दगड असतात, आणि त्यावरून जाणकारांत वादही आहेत. मी न कापलेल्या दगडाच्या बाजूचा.) पण पाणी घालत वाट पाहणं दोन्हीकडे सारखंच.

माझ्या गच्चीवर उंबराच्या बोन्सायशेजारी ओढ्यातला एक वीतभर काळा दगड आहे. उन्हाळ्यात तो मी ‘सुइबान’मध्ये, म्हणजे भोक नसलेल्या पसरट थाळीत, बारीक वाळूवर ठेवतो आणि फवारा मारतो. ओला झाल्यावर तो जवळजवळ निळा-काळा दिसतो. मग तो सुकायला लागतो. आधी शिखर सुकून राखाडी होतं, तिथून कोरडेपणा धारेधारेने खाली उतरतो. खाचांमधलं पाणी सर्वांत शेवटी जातं, आणि तेवढा वेळ दऱ्यांत अंधार पडल्यासारखं वाटतं. पाच-सात मिनिटांत पावसानंतर डोंगर उघडताना दिसतो तसं सगळं दिसून जातं. सुइसेकीत पाणी हा शब्द का आहे, ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं, ते असं कळलं.

विसाव्या शतकाचा इतिहास घटनांनी भरलेला आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतल्या बोन्साय व्यावसायिकांनी शहर सोडलं आणि १९२५ मध्ये उत्तरेला ओमिया इथे बोन्साय गाव वसवलं. तिथे राहायला येणाऱ्याकडे निदान १० बोन्साय हवेत, घर दुमजली नको, कुंपण झाडांचंच हवं आणि फाटक लोकांसाठी उघडं हवं, असे नियम होते. १९३४ मध्ये तोक्योच्या उएनो भागातल्या कला संग्रहालयात कोकुफू हे बोन्सायचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं आणि बोन्सायला कलादालनाची जागा मिळाली. १९६० च्या दशकात जपानमध्ये दगडांची लाट आली, लोक सुट्टीच्या दिवशी नदीपात्रं धुंडाळू लागले. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात झाडं आणि दगड जगभरच्या प्रेक्षकांपुढे एकत्र आले.

मग १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली म्हणून जपानने ५३ बोन्साय आणि ६ सुइसेकी भेट दिले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातलं बोन्साय संग्रहालय याच भेटीतून उभं राहिलं. भेट निवडणाऱ्यांना फक्त झाडं पाठवणं अपुरं वाटलं, यातच सगळं आलं. त्या ५३ झाडांत हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा एक पांढरा पाइन होता. १६२५ पासून तो कुंडीत वाढवला जात होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून यामाकींची रोपवाटिका सुमारे ३ किलोमीटरवर होती. घराच्या काचा फुटल्या, पण उंच भिंतीआडची झाडं वाचली. झाड देताना मासारु यामाकी यांनी ही हकिगत सांगितली नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड बघायला वॉशिंग्टनला आले, तेव्हा संग्रहालयाला ती समजली. पंचवीस वर्षं लोक त्या पाइनपुढे थांबत होते, बुंधा पाहत होते, वय वाचत होते, आणि तो काय पाहून आला आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. त्याच्याबरोबर आलेले सहा दगड त्याच संग्रहात आहेत.