तळहातावरचा स्टुअर्ट

माझ्या टेबलावर एक स्टुअर्ट उभा आहे. १:४३ प्रमाणातलं रणगाड्याचं डाय-कास्ट मॉडेल, जेमतेम साडेदहा सेंटीमीटर लांब. हातात घेतलं की आधी थंडगार धातू लागतो आणि मागोमाग वजन जाणवतं. बोटाने बुरूज फिरवला की बारीक खरखर होते. तोफेचं तोंड म्हणजे टाचणीने टोचल्यासारखा ठिपका. खरी तोफ ३७ मिलिमीटरची, त्यामुळे या प्रमाणात ती एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. रंग वाळवंटी पिवळसर. या रंगाबद्दल मला थोडं बोलायचं आहे, पण आधी धातूबद्दल.

डाय-कास्ट म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून केलेलं ओतकाम. खेळण्यांसाठी पूर्वी शिसं वापरत. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ‘झामाक’ हा मिश्रधातू आणला: जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. तो कमी तापमानाला वितळतो आणि साच्यातली बारीकसारीक रेघही उचलतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३च्या अखेरीस छोट्या गाड्यांचा जो पहिला संच काढला, पुढे ‘डिंकी टॉइज’ म्हणून नावारूपाला आला तोच, त्या सहा गाड्यांत एक रणगाडाही होता. रणगाड्याचं मॉडेल जमवण्याचा छंद इतका जुना आहे. त्या काळातले बरेच नग आज तडे जाऊन भुगा होतात, कारण जस्तात शिशाची जराशी भेसळ राहिली तरी धातू आतून फुगतो आणि फुटतो. संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’ (pest), म्हणजे जस्ताला लागलेली कीड, म्हणतात. जुनं मॉडेल घेताना पोटाकडची बाजू भिंगाखाली धरतात ती या भीतीने.

आता खरा रणगाडा. अमेरिकेचा एम-३ हलका रणगाडा, म्हणजेच हा स्टुअर्ट, मार्च १९४१ पासून अमेरिकन कार अँड फाउंड्रीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. ही मुळात रेल्वेचे डबे बांधणारी कंपनी. चार माणसांचा चमू, सुमारे तेरा टन वजन आणि रस्त्यावर ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे जाणारा वेग. मॉडेल पाहून अनेकांना प्रश्न पडतो की एवढासा रणगाडा इतका उंच का. याचं उत्तर इंजिनात आहे. आत बसवलं होतं ते विमानाचं कॉन्टिनेंटल रेडियल इंजिन, सात सिलिंडर चक्राकार मांडलेलं. त्याचा दांडा उंचावरून निघून माणसं बसायच्या जागेतूनच पुढच्या गिअरबॉक्सकडे जायचा. त्यामुळे सगळा सांगाडाच वर उचलला गेला. पुढे विमानांसाठी ही इंजिनं कमी पडू लागली, तेव्हा कॅडिलॅकची दोन मोटारींची इंजिनं जोडीने बसवून एम-५ तयार झाला. मॉडेल ओळखायची सोपी खूण इथेच आहे: मागची पाठ पायरीसारखी उंचावलेली आणि पुढचा पत्रा सरळ उताराचा असेल, तर तो एम-५.

‘स्टुअर्ट’ हे नाव ब्रिटिशांनी ठेवलं, अमेरिकन यादवी युद्धातला घोडदळाचा सेनानी जे. ई. बी. स्टुअर्ट याच्यावरून. सैनिक मात्र त्याला लाडाने ‘हनी’ म्हणत, कारण तो वाटेत सहसा बंद पडत नसे. नोव्हेंबर १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरला. जर्मन रणगाड्यांपुढे त्याची तोफ तोकडी पडली आणि थोड्याच काळात त्याच्याकडे मुख्यतः टेहळणीचं काम आलं. माझ्या मॉडेलचा रंग त्या वाळवंटाचा आहे. दुकानात आणि प्रदर्शनात मी जे स्टुअर्ट पाहिले, ते एकतर या रंगाचे किंवा अमेरिकन हिरवे. मला मनापासून वाटतं की या रणगाड्याची सगळ्यात विलक्षण कामगिरी या दोन्ही रंगांच्या बाहेर आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिशांची ७वी आर्मर्ड ब्रिगेड शंभराहून अधिक स्टुअर्ट घेऊन रंगूनला उतरली. दोन-अडीच आठवड्यांत रंगून पडलं आणि माघार सुरू झाली. मे महिन्यात सैन्य चिंदविन नदीपर्यंत पोचलं, पण रणगाडे पलीकडे नेण्याची सोय नव्हती. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून चालकांनी ते स्वतःच निकामी केले. नदी पार करू शकला एकच. त्याचं नाव ‘कर्स ऑफ स्कॉटलंड’. इंग्रजीत चौकटच्या नव्वीला हे टोपणनाव आहे. तो भारतात आला, त्याचा बुरूज काढला गेला आणि भारतीय सैन्याच्या ७व्या लाइट कॅव्हलरीच्या कमांडरचं वाहन म्हणून तो पुन्हा ब्रह्मदेशच्या मोहिमेवर गेला.

ही ७वी लाइट कॅव्हलरी लक्षात ठेवा.

१९४८च्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये द्रास आणि कारगिल शत्रूच्या हाती गेलं. जोझिला खिंडीवर शत्रूचं ठाणं बसलं आणि लेहचा रस्ता तुटला. खिंड साडेतीन हजार मीटरहून उंच, दोन्ही बाजूंना कडे आणि कड्यांत दडलेल्या मशीनगन. सप्टेंबरमध्ये ७७ पॅरा ब्रिगेडने चढाई करून पाहिली, ती फसली. हिवाळा तोंडावर आला होता. एकदा बर्फ साचला की लेह पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एकटं पडणार होतं. तेव्हा मेजर जनरल थिमय्या यांनी ठरवलं की खिंडीत रणगाडे न्यायचे. एवढ्या उंचीवर तोवर कुणी रणगाडे लढवले नव्हते. शत्रूच्या ते ध्यानीमनीही नव्हतं आणि सगळी भिस्त त्यावरच होती.

७व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूकडून श्रीनगरला निघाले, तेव्हा त्यांचे बुरूज उतरवून वेगळे नेले. वाटेतले पूल कमकुवत होते म्हणून वजन कमी करायचं होतं आणि पाहणाऱ्याला हे रणगाडे आहेत हे कळूही द्यायचं नव्हतं. बालतालपासून वर खेचरांची पायवाट होती, ती मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांनी, खणून, सुरुंग लावून रणगाडा जाईल एवढी रुंद केली. जोझिलाची ही वाट ज्याने पाहिली असेल त्याला हे काम काय होतं ते सांगावं लागणार नाही. हल्ला ऑक्टोबरात व्हायचा होता, पण हवामानामुळे पुढे गेला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांचे स्टुअर्ट खिंडीत शिरले. थिमय्या स्वतः सर्वांत पुढच्या रणगाड्यात होते. आफ्रिकेत जी ३७ मिलिमीटरची तोफ दुबळी ठरली होती, तिने इथे दगडी मोर्चे एकेक करून फोडले, कारण समोर रणगाडाच नव्हता. त्याच दिवशी खिंडीपलीकडचं गुमरी हाती आलं. महिन्याच्या मध्यावर द्रास घेतलं आणि महिना सरण्याआधी कारगिल.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी दोनदा जाऊन आलो आहे. तिथे खऱ्या रणगाड्याच्या साखळपट्ट्याशेजारी उभं राहिलं की एकेका कडीचं वजन डोळ्यांनीच कळतं आणि मग हे असलं धूड बालतालच्या वळणांवरून वर चढवणं म्हणजे काय, ते थोडंफार उमगतं. टेबलावरच्या मॉडेलमधून ते उमगत नाही.

माझा वाळवंटी स्टुअर्ट मी आहे तसाच ठेवणार आहे, तो त्याच्या जागी खरा आहे. शेजारी जोझिलाचा एक करायला घेतलाय. बर्फ, चिखल आणि मळका हिरवा रंग. बुरूज मात्र चिकटवणार नाही, काढून बाजूला ठेवता येईल असाच सुटा बसवणार आहे.