पार्श्वभूमी : ‘क्राय फ्रीडम’मागचे बिको आणि वूड्स

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘क्राय फ्रीडम’ (१९८७) या चित्रपटात दिसणारी मैत्री प्रत्यक्षात सुरू झाली ती मतभेदातून. डॉनल्ड वूड्स हे दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरातल्या ‘डेली डिस्पॅच’चे गोरे संपादक. सरकारच्या वर्णभेदाला त्यांचा विरोध होता, तरी स्टीव्ह बिको यांची ‘ब्लॅक कॉन्शसनेस’ ही काळ्यांच्या आत्मभानाची चळवळ त्यांना उलटा वर्णद्वेषच वाटायची आणि तसं ते अग्रलेखांतून लिहीतही. तरुण डॉक्टर मम्फेला राम्फेले थेट त्यांच्या कचेरीत गेल्या आणि बिकोंना भेटा म्हणाल्या. बिको स्वतः येऊ शकत नव्हते. १९७३ पासून त्यांना किंग विल्यम्स टाउनबाहेर पडायला मनाई होती आणि त्यांचं बोलणं छापणंही गुन्हा होता.

बिको वैद्यकीचे विद्यार्थी. गोऱ्या उदारमतवाद्यांच्या पुढारपणाखालची विद्यार्थी संघटना सोडून त्यांनी काळ्या विद्यार्थ्यांची ‘सासो’ ही वेगळी संघटना उभारली. गोऱ्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी काळ्यांच्या लढ्याचं सुकाणू त्यांच्या हाती नको, ही त्यांची भूमिका. ‘काळे’ या शब्दात त्यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही धरलं होतं. साथ्स कूपर, स्ट्रिनी मूडली हे त्यांचे बिनीचे सहकारी.

१८ ऑगस्ट १९७७ ला ग्रॅहम्सटाउनजवळच्या नाकाबंदीत बिकोंना पकडलं. पोर्ट एलिझाबेथच्या कोठडीत त्यांना नग्न, बेड्या घालून ठेवलं. चौकशीत डोक्याला जबर मार बसला, आणि त्या अवस्थेत लँडरोव्हरच्या मागच्या भागात टाकून हजारापेक्षा जास्त किलोमीटर दूर प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला ते गेले. वय तीस. न्यायमंत्री जिमी क्रूगर यांनी कारण उपोषणाचं सुचवलं आणि या मृत्यूचं आपल्याला काहीच वाटत नाही, असंही बोलले. वूड्स गप्प बसले नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावरही बंदी आली, तेव्हा वर्षअखेरीस पाद्र्याच्या वेशात ते शेजारच्या लेसोथो देशात निसटले. त्यांच्या पुस्तकांवरूनच हा चित्रपट निघाला.

चित्रपटाचा उत्तरार्ध बराचसा या पलायनावर जातो. मला हे खटकतं. लढ्याच्या मध्यभागी गोरा माणूस नको म्हणणाऱ्या बिकोंच्याच कथेत मध्यभागी शेवटी वूड्स येतात. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना चित्रपट एवढा बोचला, की १९८८ मध्ये तो लागला त्याच दिवशी त्यांनी प्रती जप्त केल्या.

पुढे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगापुढे पाच माजी पोलिसांनी बिको प्रकरणात शिक्षेपासून माफी मिळावी म्हणून अर्ज केले. १९९९ मध्ये ते नाकारले गेले. २००३ मध्ये सरकारी वकिलांनी पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून खटला भरला नाही.