पणजीत दोन रात्री : निघण्याआधी हे वाचून घ्या

नाव नोंदवायला येणारे निम्मे लोक कार्यक्रमाचा कागद हातात घेतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "यात बागा, कळंगुट कुठं आहे?" नाही. आमच्या या सहलीत ते किनारे नाहीत. शुक्रवार ते रविवार आपण फक्त पणजीत राहणार, मांडवी नदीच्या काठानं चालणार, आणि फार तर फेरीबोटीतून पलीकडं नि रविवारी सकाळी जुन्या गोव्याला जाऊन येणार. पॉइंट मोजून पैसे देणाऱ्यांसाठी ही सहल नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्याकडं कार्यक्रम जेवणाच्या वेळांवर बसवलेला असतो आणि बघायच्या गोष्टी त्यांच्या मधल्या फटीत घातलेल्या असतात. असं का, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

साडेबाराचं गणित

शुक्रवारी पहाटे पाच वाजता कोल्हापुरातून गाडी सुटते. आजरा, आंबोली करत उतरायचं, सावंतवाडीत चहा घ्यायचा आणि साडेबाराच्या आत पणजीत पानावर बसायचं. आंबोलीत धबधब्यापाशी "पाच मिनिटं थांबूया की" म्हणणाऱ्यांना आम्ही ऐकू न आल्यासारखं करतो, त्याला कारण आहे. पहिल्या वर्षी आम्ही थांबलो. १४ माणसं घेऊन सव्वातीनला पणजीत पोचलो. खानावळीत बाकं उलटी करून टेबलावर ठेवलेली, फरशी पुसून झालेली. दुसरीकडं मासा संपलेला. तिसऱ्या ठिकाणी फ्राइड राइस मिळाला, तो खाल्ला. नंतर शहर बघू म्हटलं, तर दुकानांचे दरवाजे ओढलेले. दुपारी एक ते चार या वेळात पणजी झोपते. पोर्तुगीज गेले १९६१ साली, पण ही झोप काही गेली नाही.

तेव्हापासून नियम असा, की गोव्यात माशाचं जेवण हे दुपारचं. सकाळी बाजारात आलेला मासा दुपारी ताटात पडतो, दोन वाजेपर्यंत त्यातला चांगला संपतो. रात्री थाळी मागितलीत तर बहुतेक ठिकाणी मालक नुसता हसेल.

ताटात काय येतं

उकड्या तांदळाचा भात, म्हणजे तिथलं 'शीत'. त्यावर हुमण. खोबरं, लाल मिरची, कोकम आणि बांगडा असेल तर तिरफळ घातलेली ही कडी. उन्हाळ्यात कोकमाऐवजी कैरी. बाजूला रवा लावून तळलेला मासा, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, एखादी भाजी आणि सोलकडी. किसमूर म्हणजे सुक्या जवळ्याची, खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर. कोल्हापूरकर तिच्याकडं पहिल्या दिवशी संशयानं बघतात आणि तिसऱ्या दिवशी दोनदा मागतात.

हुमण तांबड्या रश्श्यासारखं दिसतं, पण तसं नाही. ते आधी आंबट लागतं, तिखट मागून येतं. खिशातून कांदा-लसूण चटणीची पुडी काढणारे एक काका आमच्या प्रत्येक सहलीत असतातच. आम्ही काही बोलत नाही, पण निदान पहिले चार घास पुडी न सोडता खा.

फलकावरची नावं वेगळी असतात. इसवण म्हणजे आपली सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, चोणक म्हणजे जिताडा. किंमत बघून घाबरू नका, पण मागवण्याआधी विचारा. मोठ्या माशाचा दर त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो आणि तो थाळीच्या दरात धरलेला नसतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताटात नदीतला, नाहीतर बर्फातला मासा येतो. म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही ही सहल काढत नाही. पाऊस बघायला जायचं असेल तर जरूर जा, पणजीचा पाऊस देखणाच असतो, पण माशाच्या नावानं बोंब मारू नका.

शाकाहारी मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही. गोव्यातली बरीच हिंदू घरं सोमवारी मासा खात नाहीत, त्यामुळं तिथं शाकाहार म्हणजे पनीर असा प्रकार नाही. खतखतें मिळालं तर सोडू नका. पाचसात भाज्या, तूरडाळ, खोबरं आणि तिरफळ, आणि गोडसर वास. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचा दाट रस्सा, पावाबरोबर चांगलं लागतं. मात्र जैन जेवणाची खात्री आम्ही देत नाही.

सकाळ : पोदेर आणि भाजी-पाव

आपला मुक्काम फोंतेन्याश या पणजीतल्या जुन्या वस्तीत, एका जुन्या घरात असतो. लाकडी जिना चढाचा आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच सांगा, तळमजल्यावर दोन खोल्या आहेत.

सकाळी साडेसहाच्या सुमाराला गल्लीत सायकलचा रबरी भोंगा वाजतो, पों-पों. हा पोदेर, पाववाला. मागं बांबूची मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक. प्लास्टिक उचललं की वाफ येते. त्याच्याकडं पाव असतो, कडक उंडो असतो, बांगडीसारखं काकण असतं, पण तुम्ही पोय मागा. कोंड्यासकट गव्हाची, हाताला गरम, आतून पोकळ. तोडली की बोटांना कोंडा लागतो आणि आतली हवा सुटते. या पोकळीत लोणी घाला, नाहीतर काहीच घालू नका.

मग भाजी-पाव. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढा. इथं वाटीत पातळ भाजी येते, बटाट्याची, वाटाण्याची किंवा टोमॅटोची, आणि दोन मिसळून मागता येते. सोबत मिरची भजी आणि मंगळुरी बन्स, म्हणजे केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या. हे सगळं नऊच्या आत. साडेनऊला गेलात तर बन्स संपलेले असतात आणि वेटर तुम्हाला तसं सांगायचेही कष्ट घेत नाही.

बघायचं काय

फोंतेन्याश हे नाव मळा या भागातल्या झऱ्यावरून पडलं. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या भिंती, कौलांवर मातीचे कोंबडे, काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. लोक इथं राहतात, हे मात्र विसरू नका. परक्याच्या पायरीवर बसून, त्याच्या दारात साडी नेसून तासभर फोटो काढणाऱ्यांना तिथले लोक वैतागलेले आहेत. आमच्या गटानं कुणाच्या पायरीवर बसायचं नाही. सेंट सेबॅस्टियनच्या लहान चर्चमध्ये डोळे उघडे असलेला क्रुसावरचा येशू आहे. एरवी ही मूर्ती मान टाकलेली, डोळे मिटलेली दिसते. ती पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होती, असं सांगतात.

चर्च चौकातलं मोठं पांढरं चर्च तुम्ही सिनेमात बघितलेलंच असेल. १५४१ साली इथं प्रार्थनाघर झालं, १६१९ मध्ये ते नव्यानं बांधलं. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या पडक्या चर्चमधून आणलेली आहे. ८ डिसेंबरला इथं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा असते, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. महालक्ष्मीचं देऊळही चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दोन्ही एका सकाळी होतात.

नदीकाठचं जुनं सचिवालय हा मुळात आदिलशहाचा राजवाडा. १७५९ पासून तिथं पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले, राजधानी अधिकृतपणे पणजीत आली ती १८४३ साली. पण लोक थबकतात ते शेजारच्या पुतळ्यापाशी. झग्यातला एक माणूस, हात पसरलेले, समोर बाई कोसळलेली. "हा मांत्रिक काय?" असं दर खेपेला कुणीतरी विचारतं. हे आबे फारिया, १७५६ साली कांदोळीत जन्मलेले धर्मगुरू. युरोपात जाऊन संमोहनाचा शास्त्रीय विचार करणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांचं नाव घेतात. पुतळा मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवला, १९४५ साली. गोष्ट अशी सांगतात, की लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." समोर बसलेत ते सगळे पालापाचोळा, चिरत सुट. मग पोरानं प्रवचन केलं. ही गोष्ट आम्ही पुतळ्याखाली उभं राहूनच सांगतो, बसमध्ये सांगितली की मजा जाते.

संध्याकाळी गाणी लावून फिरणाऱ्या क्रूझबोटी आहेत, तरंगते कॅसिनोही आहेत. आम्ही तुम्हाला नेतो ते पलीकडच्या काठावरच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीवर. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, कामावरून घरी निघालेली माणसं आणि कठड्याला टेकलेले आपण. नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, म्हणून आम्ही दोन फेऱ्या करतो. सूर्य मिरामारच्या बाजूला, जिथं मांडवी समुद्राला मिळते तिथं उतरतो.

चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य आम्ही जमलं तर करतो. होडी कांदळवनाच्या चिंचोळ्या खाडीतून जाते, तिला पाणी लागतं. भरती कधी आहे त्यावर वेळ ठरते, म्हणून कार्यक्रमाच्या कागदावर तिथं रिकामी जागा सोडलेली आहे. छपाई चुकलेली नाही.

रविवारी पणजीतली दुकानं बहुतेक बंद असतात. काजू, बेबिंक (थरांची गोड मिठाई) जे काय घ्यायचं ते शनिवारी संध्याकाळी १८ जून रस्त्यावर घ्या. १९४६ साली याच तारखेला राममनोहर लोहियांनी मडगावात सत्याग्रह केला, त्या तारखेचं नाव रस्त्याला आहे. रविवारी सकाळी जुन्या गोव्याला जाताना आपण रायबंदरच्या दगडी बांधावरून जातो. तो १६३० च्या दशकातला, आजही त्यावरून बस धावते. बाँ जेझू चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर आत जायचं, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आता पिण्याचं

हा भाग लोक आधी उघडून बघतात, म्हणून मुद्दाम मागं ठेवला.

काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. बोंडं तुडवून रस काढतात. नंतर दाब न देता जो आपोआप ठिबकतो तो निरो, गोड आणि मादकपणा नसलेला, मुलांनाही चालतो, पण काही तासांत बिघडतो. आंबवलेल्या रसाची भट्टीतली पहिली धार म्हणजे हुर्राक, सौम्य. ती पुन्हा ऊर्ध्वपातन केली की फेणी, चाळीस टक्क्यांच्या वर. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

हुर्राक फक्त मोसमात, साधारण मार्च ते मे. लिंबाच्या शीतपेयात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. सरबतासारखी लागते आणि तिथंच फसगत होते. उन्हात दोन ग्लासांच्या वर जाऊ नका. फेणीचा वास उग्र असतो, तो पहिल्यांदा आवडेलच असं नाही. थोडी घ्या, सावकाश घ्या, सोबत काहीतरी खा. रात्री गाड्यावरचं रोस आमलेट उत्तम, म्हणजे आमलेटवर शाकुतीचा, म्हणजे भाजलेलं खोबरं-मसाले वाटून केलेला रस्सा, वर कांदा, लिंबू आणि पाव. हे सात वाजल्यानंतर मिळतं.

गोव्यात पिण्याचं वय २१. उघड्यावर, किनाऱ्यावर पिण्याला दंड आहे. आमच्या गाडीत पिता येणार नाही आणि चालक पीत नाही, त्याला आग्रह करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. परतताना इन्सुली नाक्यावर गाडी तपासतात, एका बाटलीपायी सगळी गाडी अडकू शकते. एकदा एका पाहुण्यांनी उशीच्या खोळीत दोन बाटल्या ठेवल्या होत्या. तीन तास बाराजणांनी रस्त्याकडेला काढले, त्यात दोन लहान मुलं. आता निघण्याआधी आम्ही प्रत्येकाला तोंडावर विचारतो, त्याचा राग मानू नये.

सोबत काय घ्यायचं : चालायची चप्पल, टोपी, सुती कपडे. मासा चालतो का, डुकराचं मांस चालतं का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे नोंदणीच्या कागदावर स्पष्ट लिहा. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, ते पावात भरलेले असतात आणि नुसतं बघून कळत नाही. शंका असेल तर खाण्याआधी आम्हाला विचारा.

रविवारी निघताना दर घरामागे सहा पोया आम्ही बांधून देतो, त्या भाड्यात धरलेल्या आहेत. सोमवारी सकाळी तव्यावर उलटसुलट गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये घातल्या तर त्यांचं चामडं होतं.