मास्तरांचं दप्तर : कपाटात काय उरलं?

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावच्या शाळांची जुनी कपाटं उघडली. मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. शोध मात्र जातीच्या रकान्याचा होता. तो रकाना भरणाऱ्या मास्तरांचा शोध घ्यायचं कारण कुणालाच नव्हतं.

तसं पाहिलं तर शाळेचं दप्तर, म्हणजे तिथल्या नोंदवह्या आणि कागद, मुळातच मुलांचं. जनरल रजिस्टर कायम जपायचं, म्हणून ते टिकलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालेल्या भिवा रामजी आंबेडकर (म्हणजे बाबासाहेब) यांची १९१४ क्रमांकाची नोंद आज दाखवता येते ती त्यामुळेच. शाळेत कोण आलं, कधी सोडून गेलं, कशासाठी गेलं, सगळं त्यात सापडतं. मास्तर सापडतात ते सहीपुरते.

मुंबई इलाख्यात प्रशिक्षण देऊन तयार केलेले पंतोजी गावांत पाठवायला सुरुवात झाली १८२६ च्या सुमारास. १८५५ मध्ये सरकारी शिक्षण खातं आलं आणि त्याबरोबर तपासणी आली, अहवाल आले. डेप्युटी साहेब शाळा तपासून शेरा लिहीत : पट किती, हजेरी किती, वाचन कसं. गावातल्या कुणाचं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, कुणाचा अर्ज लिहून दिला, याला शेरेबुकात जागा नव्हती. मास्तरांचं गावातलं काम न दिसण्याचं मूळ मला इथेच वाटतं. नोंद ठेवणारं खातं पगार आणि निकाल मोजत होतं, बाकीचं त्याच्या लेखी घडतच नव्हतं.

या बाकीच्याकडे नीट पाहिलं ते महात्मा फुल्यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, असं मागितलं. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, हेही त्यात आहे. आणि पुढची सूचना तर आजही चकित करते : मास्तरांना गावच्या कारभारात घ्यावं. गावचे हिशेब तपासणं, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं दिली तर त्यांचा मान वाढेल आणि गावावर चांगला परिणाम होईल. गावची लिखापढी तेव्हा कुलकर्ण्यांच्या हातात होती, हे लक्षात घेतलं की या सूचनेची धार कळते.

टपालाचं काम पुढे अनेक गावांत खरोखरच मास्तरांकडे आलं. पण त्याचे कागद टपाल खात्याकडे, पगाराचे लोकल बोर्डाकडे, शेरे शाळेत. एकाच माणसाचं काम तीन दप्तरांत विखुरलं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा शाळांबरोबर पगाराचे कागदही नव्या कचेरीकडे गेले.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा अध्याय ग्रामशिक्षण मोहिमेचा. १९५९ मध्ये साताऱ्यात ती सुरू झाली, मग राज्यभर पसरली. दिवसा मुलं आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांचे आईबाप, असे वर्ग मास्तरांनी चालवले. गाव साक्षर झालं की समारंभ होई, ग्रामदैवतासमोर शपथ घेतली जाई. अहवालात गावाचं नाव येई आणि साक्षरांची संख्या येई. शिकवणारा त्या संख्येत विरघळून जाई.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांच्या शाळाबाह्य कामाला कुंपण घातलं : जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढंच. फुल्यांना मानाचं वाटलेलं काम शंभर-सव्वाशे वर्षांत वेठीचं कसं झालं, हे शोधायचं तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे कागद आहेत. पण तेवढ्याने भागणार नाही. शेरेबुकं अजून शाळांतच आहेत. खोल्या पाडून नव्या बांधताना आधी रद्दीत जातात ती हीच.