ठिणगी पडण्याआधी काय झालं: फोर्ट स्टिकीन आणि मुंबईची गोदी

१४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकीन या जहाजाच्या स्फोटात मुंबईची व्हिक्टोरिया गोदी कशी उद्ध्वस्त झाली, असं विचारलं की एका ओळीत उत्तर मिळतं: कुणाची तरी पेटती सिगारेट कापसाच्या गासडीवर पडली. चौकशी आयोगालाही तीच शक्यता सर्वांत जास्त वाटली होती. पण या एका ओळीत सगळा दोष गोदीतल्या कुणा अनोळखी हमालावर जातो आणि आधीचे पन्नास दिवस व नंतरचे दोन तास नजरेआड होतात. आयोगाने कारणं सांगितली ती तीन, आणि ठिणगी हे त्यांतलं फक्त एक होतं. उरलेल्या दोन कारणांचा हमालांशी काही संबंध नव्हता.

फोर्ट स्टिकीन हे सुमारे सात हजार टनांचं मालवाहू जहाज १९४२ मध्ये कॅनडात बांधलं गेलं. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघालं. पोटात जवळपास १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता: तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. त्यातली सुमारे २४० टन स्फोटकं अतिसंवेदनशील वर्गातली होती. शिवाय खोक्यांत भरलेली स्पिटफायर लढाऊ विमानं होती आणि भारतातल्या चलनव्यवस्थेला आधार म्हणून पाठवलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. युद्धाच्या दिवसांत असा माल घेऊन निघणाऱ्या जहाजांत वेगळं असं काही नव्हतं.

चूक सुरू झाली कराचीत. तिथे काही माल उतरला, खण (जहाजातले माल ठेवायचे कप्पे) रिकामे झाले. युद्धात जहाजातली रिकामी जागा म्हणजे गुन्हाच मानला जाई. जागा दिसली की भरायची, असा हुकूम असे. त्याच काळात पंजाब-सिंधचा कापूस रेल्वेने मुंबईला पाठवायला बंदी होती, कारण आगगाड्या लष्करासाठी हव्या होत्या. व्यापाऱ्यांपुढे समुद्राचीच वाट उरली. म्हणून फोर्ट स्टिकीनवर कापसाच्या ८,७०० गासड्या चढल्या. सोबत वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ आणि माशांचं खतही. (काही ठिकाणी गासड्यांचा आकडा ८७,००० छापला जातो. एक शून्य जास्त झालं आहे. तेवढा कापूस त्या जहाजात मावलाच नसता.)

कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ यांना हे पसंत नव्हतं आणि त्यांनी आपला निषेध नोंदवला. कापूस हा आगीच्या बाबतीत फार फसवा माल आहे. दाबून बांधलेल्या गासडीत ठिणगी शिरली तर ज्वाळा दिसत नाही. आतल्या आत तासन् तास धुमसत राहते आणि वरून ओतलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. असा कापूस स्फोटकांच्या खालीही रचला गेला आणि वरही; आयोगाच्या तीन कारणांपैकी हे एक. निषेधाचा कागद फायलीत राहिला आणि जहाज निघालं. त्या कराची बंदरात कुणी मूर्ख नव्हतं, की कुणी लाच घेऊन डोळेझाकही केली नव्हती. रेल्वेवाल्याला डबे वाचवायचे होते, जहाज खात्याला जागा, व्यापाऱ्याला कापूस वेळेत पोचवायचा होता. ज्याच्या त्याच्या कामापुरता प्रत्येकाचा निर्णय बरोबर होता. सगळे निर्णय एकाच खणात एकावर एक येऊन बसले, आणि तो खण पूर्ण पाहण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

जहाज १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलं. शांततेच्या काळात स्फोटकांचं जहाज गोदीच्या आत घेतच नसत. बाहेर समुद्रात नांगरून माल छोट्या पडावांत उतरवत. हा नियम अनुभवातून आला होता. युद्धाच्या घाईत तो शिथिल झाला. दुसरी रीत अशी की, स्फोटकं उतरवणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा, म्हणजे शेजारची जहाजं सावध राहतात. फोर्ट स्टिकीनवर लाल बावटा नव्हता. शेजारच्या धक्क्यांवरच्या खलाशांना आपल्या बाजूला काय उभं आहे याची कल्पना नव्हती.

१४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास कामगार जेवायला उतरले. त्याच सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनमधून धुराची बारीक रेघ वर जाताना दिसली. कुणीही कळवलं नाही. ही गोष्ट ऐकताना आज संताप येतो, पण त्या माणसांच्या जागी उभं राहून पाहिलं तर ती समजते. जहाज दुसऱ्याचं, त्यावर त्याचे अधिकारी आहेत, त्यांना दिसलंच असेल. जेवणाची सुट्टी संपवून कामगार दीडच्या सुमारास परतले, तेव्हा दोन नंबरच्या खणातून धूर येत होता. म्हणजे जवळपास एक तास गेला होता, आणि सुरुवातीची आग विझवायला तोच तास हातात होता.

अग्निशमन दलाकडे पहिली वर्दी गेली ती साध्या आगीची. त्यावर रिवाजाप्रमाणे दोनच बंब निघाले. जहाजात स्फोटकं आहेत हे नियंत्रण कक्षाला कळलं तेव्हा आणखी बंब सुटले, पण मधली मिनिटं गेलीच.

त्यानंतरच्या दीड-दोन तासांत धक्क्यावर अधिकारी गोळा होत गेले. कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स होते, लष्कराच्या आयुध विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट होते. ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की, यातली स्फोटकं सगळी गोदी उडवायला पुरेशी आहेत, जहाज बुडवा. बुडवायचं कसं, हा प्रश्न होता. गोदीत जहाजाच्या तळाखाली पाणी फार नव्हतं. तळ टेकला तरी वरचा भाग पाण्याबाहेर राहणार. मग जहाज ओढून बाहेर समुद्रात न्यायचं? तसं केलं तर धक्क्यावरून चालू असलेले पाण्याचे झोत तोडावे लागणार. अग्निशमन दलाचा कल आहे तिथेच आग विझवण्याकडे होता. तिन्ही मतांना कारणं होती. तिन्हींतलं एक निवडून बाकीच्यांवर लादण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हे मात्र त्या धक्क्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्चा चालू राहिली आणि पाणी पडत राहिलं.

जवळपास ९०० टन पाणी त्या खणात ओतलं गेलं. खाली पेटलेल्या कापसाच्या गासड्या त्या पाण्यावर तरंगत वर चढू लागल्या, आणि वर स्फोटकं होती. आगीचा गाभा शोधायला जहाजाच्या बाजूचा पत्रा कापायचा प्रयत्न झाला. त्यासाठी आणलेलं गॅसचं यंत्र चाललं नाही. पत्रा इतका तापला की रंगाला फोड आले. पावणेचारनंतर जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. त्यानंतर पाव तासाने, चार वाजून सहा मिनिटांनी, फोर्ट स्टिकीनचे दोन तुकडे झाले. अर्ध्या तासाने दुसरा, आणखी मोठा स्फोट झाला. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर दोन्ही धक्के उमटले; सिमल्यातल्या उपकरणांपर्यंत ती थरथर पोचली. १२ किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या.

पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती न दिलेली सूचना. स्फोटकं पेटू शकतात हे दोन वाजल्यानंतर धक्क्यावर अनेकांना ठाऊक होतं. तरी आजूबाजूची जहाजं हलवली नाहीत, त्यांना नीट इशारा दिला नाही, गोदीतल्या हमालांना बाहेर काढलं नाही, मांडवी-मस्जिद बंदरच्या चाळींना काही कळवलं नाही. धुराकडे बघत माणसं उभी राहिली. जहाज वाचवणं कदाचित कुणाच्याच हातात उरलं नव्हतं. माणसं हलवणं मात्र हातात होतं. आयोगाचं तिसरं कारण हेच सांगतं: जबाबदार अधिकाऱ्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं नाही आणि त्यांनी आग विझवण्याची किंवा अनर्थ टाळण्याची परिणामकारक पावलं उचलली नाहीत.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. कप्तान नायस्मिथही गेले. मृतांचा एकूण आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. तेरा जहाजं नष्ट झाली. जलपद्म या जहाजाची मागची बाजू उचलली जाऊन धक्क्यावर चढली. गोदीलगतच्या गोदामांतलं हजारो टन धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाला जेमतेम वर्ष होत असताना. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने राबून अंदाजे पाच लाख टन राडारोडा हलवला. सोन्याच्या विटा दूरवर जाऊन पडल्या. गाळ उपसताना अगदी अलीकडेपर्यंत त्या सापडत होत्या.

सरकारने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाचं वर्णन सांगितलं. इथल्या वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची मुभा मे महिन्यात मिळाली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लेनर्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने घातपाताचा संशय दूर केला. लोकांना शत्रूचा हात असावा असं वाटणं साहजिक होतं. एवढ्या मोठ्या विध्वंसामागे तेवढंच मोठं कारण असावं, अशी मनाची मागणी असते. रिकामी जागा भरण्याचा हुकूम, शिथिल केलेला नियम, न लावलेला बावटा आणि न ठरलेला अधिकार ही कारणं त्या मागणीला पुरत नाहीत.

याआधी असं घडलं नव्हतं, असंही नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराच्या चिंचोळ्या भागात माँ-ब्लाँ हे फ्रेंच जहाज आणि ईमो हे नॉर्वेजियन जहाज अगदी संथ वेगाने एकमेकांवर घासलं. माँ-ब्लाँच्या पोटात स्फोटकं आणि डेकवर बेंझॉल या ज्वालाग्राही द्रवाची पिंपं होती. तिथेही लाल बावटा नव्हता. जर्मन पाणबुड्यांच्या नजरेत भरू नये म्हणून लावला नव्हता, आणि त्या कारणात तथ्य होतं. जहाज पेटलं, लोक खिडक्यांशी आणि किनाऱ्यावर जमून पाहू लागले, आणि वीसेक मिनिटांनी शहराचा उत्तर भाग गेला. जवळपास १,८०० माणसं मेली. खिडक्यांच्या काचांनी कित्येकांचे डोळे गेले, ते केवळ कुणी त्यांना खिडकीपासून दूर व्हायला सांगितलं नाही म्हणून. फोर्ट स्टिकीन कॅनडातच बांधलं गेलं तेव्हा हा प्रसंग पंचवीस वर्षांचा जुना होता.

आणि मुंबईनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ग्रँडकँप नावाचं जहाज पेटलं. त्यात अमोनियम नायट्रेट होतं, खत म्हणून पाठवलेलं. खत म्हटल्यावर त्याला स्फोटकांचे नियम कोण लावणार? पाण्याने माल खराब होईल म्हणून झाकणं लावून खणात वाफ सोडली गेली, जेणेकरून हवेअभावी आग गुदमरेल. अमोनियम नायट्रेटला जळण्यासाठी बाहेरचा प्राणवायू लागत नाही; उष्णता आणि कोंडलेली जागा मात्र त्याला स्फोटाकडे नेते. माल वाचवण्याच्या इच्छेने केलेल्या उपायाने जहाज उडालं. सुमारे ५८० माणसं मेली. गावचं अग्निशमन दल जवळजवळ संपूर्ण गेलं. तिथेही पहिली ठिणगी सिगारेटची असावी असं मानतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बॅरी टर्नर यांनी १९७०च्या दशकात बऱ्याच दुर्घटनांचे चौकशी अहवाल एकत्र वाचले आणि त्यांच्या लक्षात आलं की, दुर्घटना अचानक होत नाही, ती उबत असते. वर्षानुवर्षं छोट्या विसंगती साठतात, त्या कुणाच्या ना कुणाच्या नजरेला येतात, पण चालू समजुतीत बसत नाहीत म्हणून बाजूला पडतात. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की, माहिती सहसा कुठेतरी असतेच. कराचीत ती कप्तानाच्या निषेधात होती, गोदीत शेजारच्या खलाशाच्या डोळ्यांत, धक्क्यावर ओबर्स्ट यांच्या तोंडात. ज्याला माहीत होतं त्याला अधिकार नव्हता, आणि अधिकार असणाऱ्यांना त्याचं म्हणणं फार महागात पडणारं वाटलं. भर दुपारी धडधाकट दिसणारं जहाज बुडवायचं आणि नंतर काहीच झालं नसतं तर? त्या निर्णयाचा जाब नक्की विचारला गेला असता. न घेतलेल्या निर्णयाचा जाब कुणा एकाला विचारता येत नाही.

देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, त्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

बैरूतच्या बंदरात २०१३ मध्ये रोसुस नावाचं जहाज अडकून पडलं. त्यातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट पुढच्या वर्षी बारा नंबरच्या गोदामात उतरवण्यात आलं, तात्पुरतं म्हणून. जकात खात्याने ते हलवण्याबद्दल न्यायालयाला अनेकदा पत्रं लिहिली. पत्रं गेली, माल सहा वर्षं तिथेच राहिला. ४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी त्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली, तेव्हा बैरूत अग्निशमन दलाची दहा जणांची तुकडी निघाली. आत काय साठवलं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यापैकी एकही परतला नाही.