उडणारी बाटली आणि रद्दीवाल्याचा काटा

रविवारी पहाटे सायकलवाल्यांचा घोळका त्र्यंबक रस्त्याला लागला की एक आरोळी हमखास ऐकू येते : "बाटलीऽऽ!" सातपूर नुकतं मागे पडलेलं असतं, नीट उजाडलेलंही नसतं. पुढे गाव आहे म्हणून रम्बलरच्या पट्ट्या येतात, खडखडखड असा आवाज होतो आणि कुणाची तरी पाऊण लिटरची बाटली फ्रेमवरून सुटून मागच्याच्या चाकासमोर घरंगळत येते. माझी सुटली तेव्हा मागे एक काका होते. त्यांनी ती शिताफीनं चुकवली. पुढे चहाच्या टपरीवर मला एवढंच म्हणाले, "अहो, पाणी प्यायला न्यायचं असतं, रस्त्यावर शिंपडायला नाही." बाटली तोवर एका ट्रकखाली सपाट झाली होती.

घरी येऊन मी सगळे करतात तेच केलं. बाटली धरणारा तो अॅल्युमिनियमचा पिंजरा, म्हणजे आपण सायकलवाले ज्याला केज म्हणतो तो, दोन्ही हातांनी दाबून आवळला. पुढच्या रविवारी नवी बाटलीही गेली. एकाच रस्त्यावर दोन बाटल्या गेल्यावर मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे बाटली उडत नाही. सायकल तिच्या खालून निघून जाते.

खड्डा घ्या, ७० सेंटिमीटर लांबीचा. नाशकात तो शोधायला लांब जावं लागत नाही, सिंहस्थाच्या कामांनी त्यात भरच घातली आहे. ताशी २५ किलोमीटरनं चाललात तर सेकंदाला जवळजवळ ७ मीटर जाता, म्हणजे खड्डा ओलांडायला एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात मोकळी सोडलेली वस्तू जेमतेम ५ सेंटिमीटर खाली येते. चाक त्या खड्ड्यात फार उतरत नाही, पण पलीकडच्या कडेवर आपटतं आणि फ्रेम वर फेकली जाते. या क्षणी बाटली केजच्या तळावर दाबलेली असते, तिला काही धोका नाही. भानगड होते ती पुढच्या क्षणाला. फ्रेम वर निघालेली असताना आपलं साठ-सत्तर किलोचं शरीर हँडल आणि सीटवरून तिला खाली रेटतं. फ्रेम चटकन थांबते आणि खाली वळते. बाटलीला हे कुणीच कळवलेलं नसतं. ती वर चाललेली असते, तशीच वर चालत राहते. न्यूटनचा पहिला नियम, दुसरं काही नाही.

इथे एक बारकावा आहे. फ्रेम नुसती मोकळी पडली असती तर बाटलीही तिच्याच बरोबरीनं पडली असती, दोघींत अंतर पडलंच नसतं. बाटली सुटायची तर फ्रेम मोकळ्या पडणाऱ्या वस्तूपेक्षाही जोरात खाली यावी लागते. तो जादा जोर आपण, आपल्या वजनानं, तिला पुरवत असतो. रम्बलर आल्यावर हँडल घट्ट आवळून धरणाऱ्यांच्या बाटल्या जास्त जातात असं मला वाटतं. कोपर सैल ठेवून सीटवरून थोडं उठलं की हा रेटा कमी होतो.

आता केज काय करतो ते बघू. भरलेली बाटली धरा ८०० ग्रॅम. समजा केजचे दोन हात तिला दोन्हीकडून २०-२० न्यूटननं दाबतात. एक न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅमचं वजन. कोरडं प्लॅस्टिक आणि धातू यांच्यातला घर्षणाचा गुणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा, ०.३ धरला तर एकूण ४० न्यूटन दाबाचं घर्षण मिळतं १२ न्यूटन. बाटलीचं स्वतःचं वजन आहे ८ न्यूटन. म्हणजे घर्षणाचा आधार वजनाच्या दीडपट झाला. ऐकायला बरं वाटतं, पण बिनसस्पेन्शनच्या सायकलला खराब रस्त्यावर बसणारे झटके गुरुत्वाकर्षणाच्या कित्येक पट असतात. त्यातून पावसाळ्यात बाटली ओली आणि चिखलानं माखलेली असली की गुणांक निम्म्यावर येतो आणि हातात उरतं ६ न्यूटन. केज आवळून मी हे २० न्यूटन फार तर २५ केले होते. त्यानं रम्बलर ऐकणार होता थोडाच!

म्हणूनच चांगल्या केजची भिस्त नुसत्या घर्षणावर नसते. सायकलच्या बाटलीला वरच्या तिसऱ्या हिश्शात एक खाच असते, कमरेसारखी. ती बोटांना पकड यावी म्हणून आहे असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. केजच्या वरच्या टोकाला एक ओठ असतो, तो या खाचेत बसायला हवा. ओठ खाचेत बसला की बाटली वर यायला केज आधी फाकावा लागतो, आणि फाकवायला लागणारा जोर घर्षणाच्या कितीतरी पट असतो. दाराला जाडजूड पडदा लावणं आणि दाराला कडी घालणं यात जेवढा फरक आहे, तेवढा हा फरक आहे.

या कडीमुळेच एक गोष्ट निघते, जी दुकानात कुणी सांगत नाही : केज चांगला किंवा वाईट नसतो, केज आणि बाटलीची जोडी चांगली किंवा वाईट असते. सायकलच्या बाटल्यांचा व्यास साधारण ७३-७४ मिलिमीटर असतो, पण खाच किती उंचीवर आणि किती खोल, हे ज्याचं त्याचं. ओठ खाचेच्या वर किंवा खाली सपाट भागावर टेकला तर कितीही महागडा केज निव्वळ चिमटा होऊन बसतो. म्हणून केज घ्यायला जाताना आपली बाटली बरोबर न्यावी, आणि बाटली आत सरकवताना शेवटी 'टक्' असं बोटांना जाणवतं का ते बघावं. टपरीवरची पाण्याची बाटली केजमध्ये खुपसणाऱ्यांबद्दल काय बोलावं. तिचा व्यास वेगळा, कातडं पातळ, खाच नाही. घरची स्टीलची बाटली त्याहून वाईट : गुळगुळीत, आणि रिकामी असतानाच जड.

त्यावरचा देशी उपाय मात्र उत्तम आहे. पंक्चर होऊन बाद झालेल्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा आडवा कापला की रबराचं कडं मिळतं. ते केजच्या हातांवर चढवलं की बाटलीला धातूऐवजी रबर लागतं आणि घर्षणाचा गुणांक दुपटीच्या आसपास जातो. दुसरं कडं केजला अडकवून बाटलीच्या मानेवरून ओढून घेतलं की कडी घरीच तयार झाली. पाणी पिताना ते काढायचा वैताग आहे, पण सापुताऱ्याचा घाट उतरताना पाणी कोण पितंय?

कुठल्या नळीवरची बाटली आधी जाते? आमच्या गटात यावर मिसळ खाताना वाद झाले आहेत. सीटखालची उभी नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते, हँडलकडून पायडलकडे येणारी तिरकी नळी साधारण ४५ अंशांचा. झटका असतो उभा. उभ्या नळीवर त्यातला ९६ टक्के भाग बाटलीच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे थेट बाहेर पडायच्या वाटेनं लागतो. तिरक्या नळीवर ७१ टक्के. बाकीचा जोर बाटलीला आडवा लागतो, तो केजचे हात झेलतात. तेव्हा भरलेली मोठी बाटली तिरक्या नळीवर आणि लहान किंवा अर्धी उभ्या नळीवर. सीटच्या मागे लावायचे केज तर मी कुणाला सुचवणारच नाही. लाल परीच्या शेवटच्या बाकावर बसून घोटीपर्यंत ज्यानं प्रवास केलाय त्याला कारण सांगायची गरज नाही. मागच्या चाकावर आलेली ती जागा सी-सॉच्या टोकासारखी उडते.

रम्बलर खड्ड्यापेक्षा वेगळ्या रीतीनं छळतो. समजा पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या मीटरवर आहेत. ताशी २५ च्या वेगानं सेकंदाला चौदा धक्के बसतात. केज ही एक स्प्रिंग आहे आणि बाटली तिच्यावरचं वजन. अशा प्रत्येक जोडीचा स्वतःचा एक ठेका असतो, झोपाळ्याला असतो तसा. धक्क्यांचा ठेका आणि हा ठेका जुळला की प्रत्येक धक्क्यागणिक बाटलीचं डुलणं वाढत जातं. याला अनुनाद म्हणतात. ताठ केजचा ठेका धक्क्यांच्या पुष्कळ वर असतो, म्हणून तो वाचतो. लेचापेचा केज नेमका त्यात सापडतो. वेग थोडा कमी-जास्त केला की खडखड एकदम बदलते, हे तुम्ही ऐकलं असेल. तो हाच खेळ.

ताठपणा म्हटलं की धातूवर यावं लागतं. एकाच जाडीच्या सळीत स्टील अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ. शिवाय अॅल्युमिनियमला एक खोड आहे. स्टीलला एका मर्यादेच्या आत कितीही वेळा वाकवलं तरी ते थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, लहानसा ताणही पुरेशा वेळा दिला की तडा जातोच. सेकंदाला दहा हेलकावे धरले तर तासाला ३६ हजार होतात. एका पावसाळ्यात आपण लाखांनी हेलकावे देतो. त्यावर पुन्हा माझ्यासारखे लोक केज हातानं आवळतात, म्हणजे एकदा कायमचा वाक देऊन तडा जायची जागा तयार करून ठेवतात. बहुतेक अॅल्युमिनियम केज खालच्या बोल्टजवळ, वेल्डच्या शेजारी तुटतात, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथला धातू मऊ पडलेला असतो. महिन्यातून एकदा तिथे नख फिरवून बघावं. नायलॉनचे केज तुटत नाहीत सहसा, पण सतत ताणलेलं प्लॅस्टिक हळूहळू सैलावतं. एका उन्हाळ्यानंतर त्यांची पकड तपासावी. कार्बनचे केज वीस-तीस ग्रॅम वाचवतात. तो पाण्याचा एक घोट झाला.

सगळं जमूनही बोल्ट सैल झाला तर केजसकट बाटली लोंबते. केजचे बोल्ट एम-५ मापाचे, म्हणजे ५ मिलिमीटर व्यासाचे, दोघांत ६४ मिलिमीटर अंतर, हे जवळपास जगभर सारखं. कंपनानं बोल्ट का सुटतो याचा नीट उलगडा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली केला : बोल्टच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडवे धक्के घातक. पकडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकले की आट्यांमधलं घर्षण क्षणभर मोकळं होतं आणि बोल्ट केसभर फिरतो. असं हजारो वेळा. केजवर बहुतेक धक्के असेच येतात. स्प्रिंग वॉशर इथे फारसा कामाचा नाही. आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आट्या धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब पुरतो. पण आवळायचं जपून. फ्रेममध्ये बसवलेला नट एकदा जागेवरच गरगर फिरायला लागला की तो सोडवायला मेकॅनिकच्या शिव्या खाव्या लागतात.

जोडी पारखायची कशी? रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा घ्यायचा. बाटली भरून केजमध्ये बसवायची, मानेला सुतळी बांधायची, हुक त्यात अडकवून नळीच्या दिशेनं हळूहळू ओढायचं आणि बाटली सुटते त्या क्षणीचा आकडा वाचायचा. आकड्याला बाटलीच्या वजनानं भागलं की ती किती पट झटका सोसेल याचा अंदाज मिळतो. एकदा कोरडी, एकदा पाणी शिंपडून. माझ्या त्या आवळलेल्या केजनं दीड किलोलाच हात टेकले, ओलीला किलोच्याही आत. तेव्हा मला दोन बाटल्यांचा हिशोब लागला.

मग तो काटा घेऊन मी एका रविवारी मिसळीच्या ठिकाणी गेलो. २०१५ साली डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे सायकलींची रेलचेल आहे, नमुन्यांना तोटा नव्हता. लाखाच्या पुढच्या दोन सायकली अडीच किलोवर सुटल्या. एकीची तर बाटलीच चुकीची होती. शेजारच्याची बाटली लावल्यावर तोच केज पावणेचारपर्यंत गेला. सगळ्यात शेवटी ते काका आले, मागच्या वेळी शिंपडायचं बोललेले. त्यांच्या जुन्या सायकलला स्टीलच्या सळीचा, कुठून तरी घडवून घेतलेला केज होता, आणि त्यात अगदी जुळणारी बाटली. मी ओढायला लागलो. तीन, चार, साडेचार. सायकल धरून उभा असलेला मुलगा मागे सरकला, तरी बाटली जागची हलली नाही. काटा पाच किलोचाच होता.